तीन कॅमेरे आणि एक ‘हाव’

मेहकरात त्या काळी ज्या घराच्या भिंतीवर हार घातलेला फोटो असे, त्या घराला चिंतामणराव देऊळगावकरांचा हात लागलेलाच असे. जिवंत माणसांचे फोटोही ते काढत, नाही असं नाही. पण जिवंत माणसं त्यांच्या स्टुडिओतल्या खुर्चीवर बसली की श्वास कोंडून अशी ताठ होत, की फोटो बघून नातेवाइकांनी आधी प्रकृतीची चौकशी करावी. वारलेल्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कुणाचे वडील उभ्या जन्मात फोटोसाठी बसलेले नसले, तर चिंतामणराव कुठल्यातरी पंगतीच्या फोटोतून तेवढंच डोकं उचलत, ब्रशने मिशी नीट करत आणि खाली आपल्याकडचा काळा कोट चढवत. त्या एका कोटात गावातले निम्मे स्वर्गवासी बसलेले आहेत. समोरासमोरच्या दोन घरांत, हयातभर बांधावरून भांडलेले दोघं चुलतभाऊ आज तोच कोट घालून एकमेकांकडे बघत असतात.

अशा माणसाची बायको गेली, आणि घरात तिचा एक फोटो निघाला नाही.

सुलभावहिनी संक्रांतीच्या तोंडावर गेल्या. सकाळी पाणी भरता भरता बसल्या, त्या बसल्याच. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच खराब असणार. चिंतामणराव म्हणाले, "आधीपासून कसं? ती तर कधी आजारी पडली नाही." मूलबाळ नव्हतं, घरात ही दोघंच. त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायची सोयही नव्हती.

तेरवीला पिंपळगाव राजाहून वहिनींची थोरली बहीण आली, अन्नपूर्णाबाई. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या बहिणीला यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. बाईंनी दारात पाय धुतले, आत आल्या, आणि चारी भिंती पाहून झाल्यावर म्हणाल्या, "चिंतामणराव, अख्ख्या तालुक्याला तुम्ही भिंतीवर बसवलं. माझ्या सुलूला कुठे बसवलं?"

चिंतामणरावांनी ट्रंका उपसल्या. लग्नातला एक फोटो सापडला. तो दुसऱ्याच कुणीतरी काढलेला. त्यात नवरदेवाचा फेटा, भटजींचं पोट आणि मुंडावळ्यांच्या मागे नवरीचं म्हणून थोडंसं नाक. त्यानंतर इतक्या वर्षांत वहिनी अधूनमधून म्हणत, "अहो, माझा एक काढा ना." आणि हे म्हणत, "काढू गं, रोल उरला की." रोल काही उरत नसे.

"वर्षश्राद्धाला येईन मी," अन्नपूर्णाबाई जाताना म्हणाल्या. "तोवर बघा. मला कोट नको, ब्रश नको. मला तिचं तोंड पाहिजे. बोटाएवढं का होईना, पण तिचंच."

त्या गेल्यावर चिंतामणराव उपसलेल्या ट्रंका पुन्हा भरू लागले. मी समोरच्याच घरात भाड्याने राहत असे, कोर्टात कारकून होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "ते पाकोळीचे रोल पाहिले का?"

त्यांनी मान वर केली.

आता पाकोळीचं सांगायला हवं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. इंद्रभानच्या हॉटेलात चिंतामणरावांनी एक फोटो आणला. देवळाचा कळस आणि शेजारी उडणारी पाकोळी, तो चिमणीएवढा चपळ पक्षी. ऐटीत म्हणाले, "बघा, कळसाला घासून चाललीय." शेजारी उत्तमराव बसलेले. त्यांची शेती उंद्रीला आणि घर इथे, चिंतामणरावांच्या घराला लागून. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. उत्तमरावांनी फोटो उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे पाकोयी कळसापाशी हाये का तुह्या नाकापाशी, हे कसं समजावं बे?"

हॉटेल हसलं. चिंतामणराव मात्र त्या प्रश्नाने झोपेतून उठले. खरंच, एका फोटोत दिशा कळते, अंतर कळत नाही. जवळची माशी आणि लांबची घार तिथे सारखीच. मी कोर्टातला माणूस, मला ते माझ्या भाषेत लगेच पटलं. एक साक्षीदार फक्त बोट दाखवतो, "तिकडे गेला." किती लांब गेला ते त्याला माहीत नसतं. दुसरीकडे उभा असलेला दुसरा साक्षीदारही बोट दाखवतो, आणि दोघांची बोटं जिथे मिळतात तिथे आरोपी सापडतो. "आणि तिसरा साक्षीदार कशाला?" मी विचारलं होतं. चिंतामणराव म्हणाले, "दोघं आपसात मिळालेले असले तर?"

म्हणून तीन कॅमेरे. डब्याचे, साधेच. एक त्यांचा, एक कुठल्याशा लिलावातला, आणि तिसरा उत्तमरावांच्या जावयाने दिवाळीला सासऱ्याला दिलेला. तो तोवर देव्हाऱ्यात होता. चिंतामणरावांचं घर धाब्याचं. संध्याकाळी पाकोळ्या त्या मातीच्या सपाट छताच्या अगदी जवळून, चिलटं टिपत जात. एक कॅमेरा त्यांच्याच धाब्यावर जिन्यापाशी, त्यावर ते स्वतः. एक माझ्या खिडकीत, त्यावर मी. तिसरा उत्तमरावांच्या धाब्यावर, ते सगळ्यांत उंच. धाब्याच्या कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा केल्या, म्हणजे तिन्ही फोटो एकमेकांशी जुळवता येतील.

तिघांनी खटका एकाच क्षणी दाबायला हवा, हा मोठा प्रश्न होता. "एक, दोन, तीन" करून पाहिलं. उत्तमराव दोनलाच दाबत. शेवटी असं ठरलं, की उंचावरून उत्तमरावांना पाखरू आधी दिसतं, तर पाखरू मधोमध आलं की त्यांनीच ओरडायचं. काय ओरडायचं ते ठरवावं लागलं नाही. चिंतामणराव विचारत, "दिसली का रे?" आणि उत्तमराव म्हणत, "हाव!" झालं, तीच खूण.

पुण्याकडे ‘हाव’ म्हणजे लोभ. आमच्या वऱ्हाडात ‘हाव’ म्हणजे हो. आणि उत्तमरावांचं ‘हाव’ हे नुसत्या तोंडाचं नसे. त्यात मान असे, खांदे असत, पोटही असे. असा अंगभर होकार मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. त्याचा एक तोटा होता. त्यांच्याबरोबर त्यांचा कॅमेराही हाव म्हणे. त्यांचे फोटो नेहमी हललेले.

फोटो धुतले की वरच्या खोलीत काम सुरू होई. जमिनीवर धाब्याचा नकाशा काढलेला. तीन कॅमेऱ्यांच्या जागी तीन काठ्या, काठ्यांना खिळे. प्रत्येक फोटोत पाखरू ज्या दिशेला, त्या दिशेने खिळ्यापासून सूत ताणायचं. तीन सुतं जिथे भेटतील तिथे ज्वारीचा एक दाणा लाखेने चिकटवायचा. तो दाणा म्हणजे त्या क्षणीची पाकोळी. उंची, लांबी, रुंदी, सगळ्यासकट. वहिनी दारातून बघत म्हणत, "ज्वारी पोटात घालायची सोडून सुतावर वाळत घालणारा माणूस माझ्याच नशिबी."

पण दाण्यांची ओळ काही होईना. एक खटका दाबून पुढचा फोटो घ्यायला रोल फिरवावा लागे. तेवढ्यात पाकोळी लोणारला जाऊन परत येण्याइतकी चपळ. एका संध्याकाळी एक दाणा, फार तर दोन. तोही एका पाखराचा का दोन पाखरांचा, देव जाणे. 

आणि मध्ये वहिनी येत. उन्हाळ्याचे दिवस, धाब्यावर कुरड्या-वड्यांचं वाळवण. अंधार पडायच्या आत ते गोळा करायला त्या वर येत, आणि नेमकी हीच पाकोळीची वेळ. एकदा त्या सरळ मधून चालत गेल्या, तेव्हा चिंतामणराव खेकसले, "मध्ये येऊ नकोस गं, पाखरू बुजतं."

मग ती संध्याकाळ. वहिनी सूप घेऊन वर आल्या आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबून त्यांनी हाक दिली, "भाऊजी, चहा टाकू का?"

उत्तमराव शेजारच्या धाब्यावरून म्हणाले, "हाव!"

खट्. खट्. खट्. आमची बोटं कानांना बांधलेली. आकाशात पाखरू नाही, आणि तिन्ही कॅमेरे वाजले.

"अरे!" चिंतामणराव ओरडले. आम्ही रोल फिरवले. तोवर वहिनी थोडं पुढे गेल्या. "गुळाचा चालेल का?"

"हाव!"

खट्. खट्. खट्.

"उत्तम्या, बोलू नको! मान हलव नुसती!"

"मानच त हालवतो, तोंड आपोआप उघडते!"

"आलं घालू का, भाऊजी?" "हाव!" "आमच्या जाऊबाईंना पण हाक मारू का?" म्हणजे उत्तमरावांच्या मंडळींना. "हाव, हाव!" पुढे वेलदोड्याचं झालं, कपाचं झालं. तीन रोल चहात बुडाले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. चिंतामणरावांनी ते रोल धुतले, पण चिडून छापले नाहीत. "चहाचे" असं म्हणून एका डब्यात टाकून दिले.

तो डबा आता आम्ही काढला. उत्तमरावही आले. मागच्या अंगणातल्या अंधाऱ्या खोलीत तिघं दाटीवाटीने उभे राहिलो. लाल दिवा, औषधाचा वास. तबकातल्या पांढऱ्या कागदावर आधी धाब्याची कड उमटली, मग चुन्याची खूण, आणि मग वहिनी.

चिंतामणरावांच्या कॅमेऱ्यातून त्या पाठमोऱ्या होत्या. सगळ्या फोटोंत पाठमोऱ्या. माझ्या कॅमेऱ्यातून बाजूने, पण परक्याची खिडकी म्हणून त्या बाजूचा पदर पुढे ओढलेला. चेहऱ्याच्या जागी लुगड्याचा काठ. उरला उत्तमरावांचा कॅमेरा. त्याच्याकडे त्यांचं तोंड होतं. बोलतच होत्या ना त्यांच्याशी! आणि ते सगळे फोटो हललेले. चेहरा म्हणून एक उजळ पट्टा, वरून खाली ओढलेला. ‘हाव’ म्हणताना मान हलते तसा.

मग उत्तमराव म्हणाले, "मी गप राह्यलो असतो त..."

"तू गप राहिला असतास तर फोटोच निघाला नसता," चिंतामणराव म्हणाले.

उत्तमराव बाहेर जाऊन अंगणात बसले. एवढा धिप्पाड माणूस, गुडघ्यात डोकं घालून. "एक डाव," ते म्हणत होते, "जिंदगीत एक डाव नुसतं तोंडानं म्हनाले पाह्यजे होतं मी."

मी म्हणालो, "ब्रशने काही..." चिंतामणरावांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याने गावभरच्या मेलेल्यांना नाकं-डोळे काढून दिले, त्याला बायकोचं नाक आठवेना असं नव्हतं. आठवत होतं म्हणूनच हात उचलत नव्हता. काढलेलं नाक तिचं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

दुसऱ्या दिवसापासून ते वरच्या खोलीत बसू लागले. मला वाटलं, एकटे बसतात, बसू द्यावं. पुढच्या आठवड्यात त्यांनी हाक मारली. पाकोळीचे जुने दाणे काढून टाकलेले. नवी सुतं ताणलेली, आणि नकाशावर अधांतरी दाण्यांची ओळ.

"सुलभा," ते म्हणाले.

प्रत्येक दाणा म्हणजे त्यांचं डोकं. पाकोळीला जे यंत्र फार मंद होतं, ते वाळवणाकडे जाणाऱ्या बाईला बरोबर पुरलं होतं. एक प्रश्न, एक होकार, एक दाणा. मी बघत राहिलो. भिंतीवरचा फोटो चालत नाही. ही चालत होती.

"ओळ वाकडी का आहे?" मी विचारलं.

जिन्यापासून वाळवण सरळ समोर होतं, दहा-बारा पावलांवर. दाणे मात्र सरळ गेले नव्हते. ते धाब्याच्या कडेकडेने, सगळा वळसा घालून गेले होते. जिथे कठडा नाही, पाय घसरला तर खाली गल्ली, तिथून.

"मध्ये येऊ नको म्हटलं होतं मी," चिंतामणराव म्हणाले.

मग मला आणखी एक दिसलं. सगळे दाणे जवळजवळ सारख्या उंचीवर होते. वळशाच्या मधला एकच चांगला वीतभर खाली. मला वाटलं, लाख सुटून घसरला. मी वर सरकवायला हात केला.

"हात लावू नका. तिन्ही सुतं तिथेच भेटतात. तीनदा ताणून पाहिलं."

"मग काय, वाकल्या होत्या?"

"तिथे वाळवण नव्हतं," ते म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी अन्नपूर्णाबाई दुपारच्या मोटारीने आल्या. पिशवीत मोगऱ्याचा हार, केळीच्या पानात गुंडाळलेला. फोटो मिळालाच असणार, अशी खात्री होती त्यांची. चिंतामणराव त्यांना वर घेऊन गेले. मी आणि उत्तमराव मागे. बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय? माळ करताय का ज्वारीची?"

चिंतामणरावांनी समजावून सांगितलं. कोर्टात आरोपीने कबुली द्यावी तसं, खाली बघून. हा जिना, हा काठ, इथे ती "गूळ चालेल का" म्हणाली, इथे "आलं घालू का". चेहरा मिळाला नाही. एवढंच मिळालं.

अन्नपूर्णाबाई सुतांना चुकवत आत आल्या. त्या खालच्या दाण्यापाशी थांबल्या. "आणि हे?"

"तिथे वेलदोड्याचं विचारलं तिने."

"बसून?"

चिंतामणरावांनी दाण्याखालच्या जमिनीकडे बोट केलं.

"दम लागत होता तिला," बाई म्हणाल्या. "त्या उन्हाळ्याच्या आधीच्या दिवाळीला माझ्याकडे आली होती तेव्हाच लागत होता. आडावरून घरात येईपर्यंत दोनदा बसायची. मी म्हटलं, सांग त्यांना. तर म्हणे, ‘नको गं, त्यांचं पाखरांचं काम चाललंय. बंद करतील.’ मला शपथ घातली." त्यांनी पुन्हा त्या दाण्याकडे पाहिलं. "थांबायला निमित्त पाहिजे ना माणसाला. नुसतं थांबलं तर कुणी विचारेल, का थांबलीस."

उत्तमराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "म्हंजे ते चाहाचं... मले वाटे वहिनीले बोलाची हौस हाये. मी अखीन हासून हासून हाव म्हनो."

"बरं केलंत, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही उत्तर तरी दिलंत."

ते वाक्य चिंतामणरावांना उद्देशून नव्हतं. म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं असावं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मेहकरातल्या कुठल्याही माणसाचे खांदे फोटोसाठी सरळ करणारा हा माणूस, त्याला आपले खांदे सरळ ठेवता येईनात.

हार तसाच राहिला. तो घालायला भिंतीवर काही नव्हतं, आणि सुतांवर घालावा तर सगळंच मोडलं असतं. बाईंनी तो दुसऱ्या दिवशी पिंडापाशी ठेवला. जाताना त्या दारात म्हणाल्या, "फोटो शोधू नका आता." रागाने नव्हे. मोटार सुटेपर्यंत चिंतामणराव स्टँडवर उभे होते, आणि बाई खिडकीतून दुसरीकडे बघत होत्या.

त्यानंतर चिंतामणरावांनी पाकोळीचा नाद सोडला. स्टुडिओ चालू होता, कोट चालू होता. संध्याकाळी मात्र ते धाब्यावर जात. माझ्या खिडकीतून मला दिसे. जिन्यातून वर येत, सरळ न जाता कडेकडेने निघत, सावकाश, आणि वळशाच्या मध्यावर खाली बसत. पाकोळ्या डोक्याच्या अगदी जवळून जात, ते वर बघतही नसत. उत्तमराव त्या वेळी आपल्या धाब्यावर येईनासे झाले.

एकदा मी वर गेलो. ते तिथेच बसले होते. म्हणाले, "बसा इथे."

कठडा नव्हता, मला भीती वाटली, पण बसलो.

"काय दिसतं?"

मी पाहिलं. समोर जिन्यापाशी त्यांच्या कॅमेऱ्याची जागा. डावीकडे माझी खिडकी, आतलं टेबलसुद्धा. वर उत्तमरावांचं धाबं.

"आपल्या तिघांपैकी एकालाही तिचं तोंड धड टिपता आलं नाही," चिंतामणराव म्हणाले. "आणि तिला बघा. इथून आपण तिघंही दिसत होतो. अगदी स्पष्ट."